पोलादाच्या गावातील बरणी : हस्तनिर्मित भांड्याची समीक्षा कशी करावी?

प्रस्तावना

समीक्षा म्हटले की आपल्यासमोर कविता, कादंबरी, नाटक किंवा चित्रपट उभा राहतो. स्वयंपाकघरातील चिनी मातीच्या बरणीचीही समीक्षा होऊ शकते. या टिपणात आपण ती करून पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण घेऊ छत्तीसगडमधील भिलाई या गावाचे. तिथे जमलेल्या घरांनी आपापल्या प्रांतांतील लोणच्याची भांडी आणली आणि तीही एका पोलाद कारखान्याच्या सावलीत.

आज दुकानांतून आणि प्रदर्शनांतून 'हस्तनिर्मित' अशी चिठ्ठी लावलेल्या बरण्या मिळतात. त्यांचे रंग सुंदर असतात, किंमतही चांगलीच असते. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण 'मातीचा स्पर्श', 'हाताची ऊब' अशा शब्दांवर थांबतात. हे कौतुक आहे, पण त्याला समीक्षा म्हणता येत नाही. या टिपणातील मुख्य मुद्दा असा : साठवणीच्या भांड्याची परीक्षा त्याच्याकडे कोणी पाहत नसताना, बंद कपाटात, महिनोन्महिने चाललेली असते. म्हणून 'हे हाताने केले आहे का?' हा पहिला प्रश्न नसावा. 'आत ठेवलेले टिकते का?' हा पहिला प्रश्न असावा. हाताचे मोल त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून ठरते.

१. भिलाईचे स्वयंपाकघर

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशभरातून माणसे आली. सेक्टरांमधील क्वार्टर्समध्ये तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. मराठी माणसाला हा प्रदेश अगदी परका नव्हता. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले होते आणि पुढे १९५६ पर्यंत दुर्ग व नागपूर एकाच प्रांतात होते.

या घरांत भाषा वेगळ्या होत्या, लोणची वेगळी होती, पण लोणचे ठेवण्याचे भांडे जवळपास एकच होते. मराठीत ती 'बरणी', मल्याळममध्ये 'भरणी', तेलुगूत 'जाडी', हिंदीत 'मर्तबान'. बंगालीत 'बोयाम' म्हणतात आणि गोव्यात 'बुयांव'. ही शेवटची दोन नावे पोर्तुगीज भाषेतून आली आहेत. 'मर्तबान' हा शब्द तर एका बंदराचे नाव आहे. आजच्या म्यानमारमधील मर्तबान या बंदरातून झिलईदार मोठे रांजण समुद्रमार्गे दूरवर जात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आपल्याला भेट मिळालेल्या अशा भांड्यांचा उल्लेख केला आहे. त्यांत आले, मिरी, लिंबू आणि आंबा मुरवलेला होता. म्हणजे लोणचे आणि झिलईदार भांडे यांची जोडी जवळजवळ सातशे वर्षे तरी जुनी आहे.

आता एक विरोधाभास लक्षात घ्या. पोलादाच्या या गावातही लोणचे पोलादात ठेवत नाहीत. भिलाईत रेल्वेचे रूळ, जाड प्लेटा आणि बांधकामाचे पोलाद तयार होते. असल्या साध्या पोलादाला मीठ आणि आंबट खार लागला की ते गंजते. स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टील बरेच टिकाऊ असते, पण मिठातील क्लोराइड आणि कैरीचे आम्ल महिनोन्महिने लागून राहिले की त्यावरही बारीक खड्डे पडू शकतात. तांब्यापितळेचा तर प्रश्नच नाही.

शिवाय पोलादालाही मातीचाच आधार घ्यावा लागतो. झोतभट्टीतून बाहेर पडणारे वितळलेले लोखंड सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. ते धरून ठेवण्यासाठी भट्टीच्या आत रिफ्रॅक्टरी विटांचे, म्हणजे प्रचंड उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते. अशा विटांचा कारखाना भिलाईतच आहे. भट्टीची वीट आणि लोणच्याची बरणी यांचे मूळ तत्त्व एकच : माती योग्य तापमानाला भाजली की धातू जे सोसू शकत नाही, ते ती सोसते.

२. बरणी म्हणजे नेमके काय?

आपण 'चिनी मातीची बरणी' म्हणतो, पण आपली नेहमीची बरणी पोर्सेलिन नसते. ती स्टोनवेअर असते. मातीच्या भांड्यांचे साधारण दोन गट लक्षात ठेवा.

• साधे मातीचे भांडे (अर्थनवेअर) : कुंभाराच्या आव्यात किंवा भट्टीत हजार अंशांच्या आसपास, कधी त्याहून बरेच कमी तापमानाला भाजलेले. ते सच्छिद्र राहते, पाणी झिरपू देते.

• स्टोनवेअर : सुमारे १,२०० ते १,३०० अंशांपर्यंत भाजलेले. या तापमानाला मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रे भरून काढतात. भांडे दगडासारखे घट्ट होते.

दोन्हींवर झिलई, म्हणजे ग्लेझ देता येते. झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर.

आपल्याकडे घराघरांत दिसणारी वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी दुरंगी बरणी उत्तर प्रदेशातील खुर्जा आणि गुजरातमधील थानगढ यांसारख्या केंद्रांतून येत आली आहे. सौराष्ट्रातील या उद्योगाच्या पायाभरणीत परशुराम गणपुले या मराठी उद्योजकाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावाची 'परशुराम पॉटरी' अनेक दशके प्रसिद्ध होती. म्हणजे तुमच्या आजीची बरणी बहुधा कारखान्यातूनच आलेली असते. ही गोष्ट पुढच्या चर्चेत महत्त्वाची ठरेल.

३. वस्तूचे वाचन : बुडापासून झाकणापर्यंत

कवितेचे वाचन आपण शब्दाशब्दाने करतो. बरणीचे वाचन अवयवाअवयवाने करू.

बूड. बरणी उलटी करा. बुडाच्या कडेला झिलई नसलेले कडे दिसेल. भाजताना झिलई वितळते आणि भट्टीतील फळीला चिकटते, म्हणून ती तिथून पुसून काढतात. समीक्षकासाठी ही जागा सोयीची आहे, कारण इथे उघडी माती दिसते. बरणीत पाणी भरून ती रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर ओले कडे उमटले, तर माती पुरेशी भाजलेली नाही.

पोट आणि खांदा. जुन्या बरणीचे पोट जवळजवळ सरळ असते. त्यामुळे लाकडी डाव तळापर्यंत पोचतो आणि कोपऱ्यात फोडी अडकत नाहीत. वर खांदा आत वळतो आणि तोंड पोटापेक्षा अरुंद होते. बरणी गळ्यापर्यंत भरली की हवेला उघडा राहणारा भाग लहान असतो आणि थोडे तेलही त्यावर पुरेसा थर धरते. लोणचे कमी होऊन पातळी पोटापर्यंत उतरली की उघडा भाग वाढतो. म्हणूनच रोजच्या वापराचे लोणचे लहान सटात काढून ठेवायची आणि मोठी बरणी वारंवार न उघडायची पद्धत पडली.

काठ. तोंडाचा काठ बाहेरच्या बाजूला जाडसर वळवलेला असतो. तो केवळ शोभेसाठी नाही. बरणीवर दादरा, म्हणजे स्वच्छ फडके बांधताना दोरी या काठाखाली अडकते. काठ गुळगुळीत नसेल तर दोरी घसरते, दादरा सैल होतो आणि मुंग्यांना वाट मिळते.

झाकण. झाकण सैल बसते. एखाद्याला हा दोष वाटेल. पण लोणचे मुरताना वायू सुटला तर त्याला बाहेर पडायला जागा लागते. सैल झाकण आणि वर घट्ट दादरा ही दोघांनी वाटून घेतलेली कामगिरी आहे.

झिलई. दुरंगी बरणीचे रंग सजावटीतून आलेले नाहीत, ते कामाच्या पद्धतीतून आले आहेत. भांडे एका झिलईत एका बाजूने बुडवायचे, मग दुसऱ्या झिलईत दुसऱ्या बाजूने. दोन रंग जिथे भेटतात ती रेषा म्हणजे बुडवणाऱ्या हाताची खूण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शिसे नसलेली 'ब्रिस्टल' झिलई प्रचारात आली आणि तिच्याबरोबर दुरंगी बरण्यांची ही तऱ्हाही जगभर पसरली.

या वाचनातून काय दिसते? बरणीचे जे जे आपल्याला सुंदर वाटते, ते ते एखाद्या अडचणीचे उत्तर आहे. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती जड आहे, पडली की फुटते आणि आत किती उरले ते बाहेरून दिसत नाही. प्लॅस्टिकने तिला मागे टाकले ते या तीन कारणांनी आणि स्वस्ताईने. पण हळद, तेल आणि वास प्लॅस्टिकमध्ये मुरतात, चांगल्या झिलईत मुरत नाहीत. आतले दिसत नाही या गैरसोयीचाही एक फायदा आहे : तेलाला खवट करणारा उजेड आत पोचत नाही.

४. 'हस्तनिर्मित' या शब्दाची तपासणी

आता आजच्या हस्तनिर्मित बरणीकडे वळू. पहिला प्रश्न : हात नेमका कुठे लागला? चाकावर भांडे घडवणे, वळ्या एकावर एक रचून उभारणे, साच्यात पातळ माती ओतून तयार झालेल्या भांड्यावर हाताने फुले रंगवणे, या सगळ्यांना बाजारात एकच शब्द लागतो. उलट खुर्ज्याच्या बरणीला साचा लागतो म्हणून ती 'कारखान्याची' ठरते. पण माती साच्यात दाबणे, काठ पुसणे, झिलईत बुडवणे, भट्टी रचणे ही कामेही हातच करतात. त्या हातांचे नाव चिठ्ठीवर येत नाही, इतकाच फरक. म्हणून 'हस्तनिर्मित' हे वर्णन म्हणून स्वीकारा, गुणवत्तेचा शिक्का म्हणून नको.

दुसरा प्रश्न : नवी बरणी कशासाठी आहे? सध्या लोकप्रिय असलेल्या तीन वैशिष्ट्यांची तपासणी करू.

१. लाकडी झाकण. डाळ, चहा, साखर, सुकी मिरची यांसाठी ते चांगले काम देते. छत्तीसगडच्या पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरते, फुगते, कधी बुरशी धरते. लोणच्याच्या किंवा मिठाच्या बरणीवर ते बसवणे म्हणजे दिसण्यासाठी टिकण्याचा बळी देणे.

२. आतूनही मॅट झिलई. मॅट पृष्ठभाग बाहेरून डोळ्यांना शांत वाटतो. पण त्याच्या सूक्ष्म खडबडीत अंगावर हळदीचे आणि तेलाचे डाग सहज बसतात. बाहेर मॅट आणि आत चकचकीत अशी बरणी केली असेल, तर तिच्या कर्त्याने वापराचा विचार केला आहे हे ओळखा.

३. तडकलेल्या जाळीची झिलई. माती आणि झिलई निवताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात तेव्हा झिलईवर बारीक भेगांची जाळी पडते. फुलदाणीवर ती मोहक दिसते. लोणच्याच्या बरणीत आतून ती असेल, तर तेल आणि खार भेगांत शिरतो आणि धुऊन निघत नाही.

चौथी बाब आरोग्याची आहे आणि ती चवीवर किंवा आवडीवर सोडता येत नाही. कमी तापमानाला वितळणाऱ्या काही झिलयांत शिसे असते. लोणच्याचे आम्ल ते हळूहळू ओढून घेऊ शकते. शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. घरी लिंबाची फोड रात्रभर झिलईवर ठेवून पाहता येते. सकाळी तिथला रंग किंवा चकाकी बदललेली दिसली, तर ती झिलई आंबट पदार्थासाठी योग्य नाही. पण काहीच बदलले नाही म्हणजे शिसे नाही, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. म्हणून विक्रेत्याला 'ही अन्नासाठी आहे का, आंबट पदार्थासाठी आहे का?' असे स्पष्ट विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि समीक्षकाचे कर्तव्यही.

याउलट चांगली हस्तनिर्मित बरणी कशी ओळखावी? चाकावर घडवताना कुंभार काठाची जाडी बोटांनी ठरवतो, झाकणाची बैठक त्या एका भांड्याच्या तोंडाप्रमाणे जुळवतो. घरात हाताला सांधेदुखी असलेल्या आजी असतील तर धरायला रुंद कान जोडू शकतो. साच्याला हे जमत नाही. हाताची श्रेष्ठता इथे आहे : एका घराच्या गरजेला उत्तर देण्यात. दोन बरण्या एकमेकींसारख्या नाहीत, एवढ्यावर ती सिद्ध होत नाही.

५. दोन दृष्टिकोन : ईम्स आणि यानागी

या पद्धतीला वैचारिक आधार आहे. अमेरिकन अभिकल्पक चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो साधा तांब्या, म्हणजे लोटा. त्यात किती पाणी मावते, तो कसा उचलतात, ओतताना तोल कसा राहतो, घासायला सोपा आहे का, हाताला कसा लागतो, अशा प्रश्नांतून त्यांनी त्याचे सौंदर्य उलगडले. आपण वर बरणीचे वाचन केले ते याच वाटेने. भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच सुमारास हा अहवाल आला, हेही ध्यानात ठेवा. देश एकीकडे अवजड उद्योग उभारत होता आणि दुसरीकडे 'आपल्या रोजच्या वस्तूंचे काय?' हा प्रश्नही विचारला जात होता.

जपानी विचारवंत यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी 'मिंगेई', म्हणजे लोककला, ही कल्पना मांडली. अनाम कारागिरांनी, रोजच्या वापरासाठी, मोठ्या संख्येने आणि स्वस्तात केलेल्या वस्तूंत खरे सौंदर्य असते, असे त्यांचे प्रतिपादन. आपली दुरंगी बरणी या कसोटीवर चपखल उतरते. पण इथे सावध राहा. कारागिराचे अनाम असणे हे संग्राहकाला रम्य वाटते. भट्टीसमोर रोजंदारीवर काम करणाऱ्याने ते स्वतः निवडलेले असतेच असे नाही. वस्तूची थोरवी सांगताना करणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न झाकला जात असेल, तर ती समीक्षा अपुरी आहे.

असाच एक प्रश्न वापरणाऱ्यांचा आहे. बरणीला हिंगाची धुरी देणे, उन्हात वाळवणे, फोडी पुसून भरणे ही कामे बहुतेक घरांत बायकांनी केली आणि त्याच बायकांना पाळीच्या दिवसांत त्याच बरणीला हात लावायची बंदी होती. बरणीविषयी हळवे होऊन लिहिताना हा भाग गाळू नका.

६. स्थानिक कुंभार आणि चुकीची कसोटी

छत्तीसगडच्या मातीकामाकडे पाहताना ही पद्धत विशेष उपयोगी पडते. इथल्या गावांत धान साठवायला मातीची 'कोठी' असते. ती न भाजलेली असते आणि घरातच उभारतात. पाण्यासाठी कुंभाराचा 'करसा' असतो. करशातून पाणी झिरपते, बाहेरून उडून जाते आणि आतले पाणी गार होते. लोणच्याच्या बरणीत जो दोष, तोच करशाचा गुण. म्हणून 'सच्छिद्र' हा शब्द निंदेचाही नाही आणि स्तुतीचाही नाही. भांड्याचे काम कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आता बाजारात काय होते ते पाहा. शहरी ग्राहकाला 'किचन जार' हवी असते, म्हणून करसा घडवणाऱ्या हातांकडून बरणीच्या आकाराचे साधे मातीचे भांडे करून घेतले जाते. त्यावर बाहेरून रंग चढवून ते साठवणीसाठी विकले जाते. ग्राहक त्यात लोणचे भरतो. खार झिरपतो, बुरशी येते, लोणचे फुकट जाते. दोष कुंभाराच्या माथी बसतो आणि ग्राहक पुन्हा प्लॅस्टिककडे वळतो. खरे तर कुंभार चुकलेला नसतो. स्टोनवेअरसाठी वेगळी माती, वेगळी भट्टी, अधिक इंधन आणि झिलईचे ज्ञान लागते. ते न देता केवळ आकार मागणे हा मागणाऱ्याचा दोष. आणि अशा भांड्यांचे 'मातीशी नाते' म्हणून कौतुक छापणारा लेखकही त्यात वाटेकरी असतो. वस्तूविषयी चुकीचे लिहिले तर कोणाचा तरी रोजगार जातो, हे इथे स्पष्ट दिसते.

निष्कर्ष

पोलादाच्या गावात बरणी टिकली ती परंपरेवरील प्रेमापोटी टिकली असे म्हणणे सोपे आहे. ती टिकली कारण मीठ, आम्ल आणि तेल यांना एकाच वेळी वर्षभर सांभाळण्याचे काम तिच्याइतके स्वस्तात दुसरे भांडे करत नव्हते. आजच्या हस्तनिर्मित बरणीला तिची वारसदार व्हायचे असेल, तर तिने रंगांची नव्हे, या कामाची बरोबरी करावी. तिच्याविषयी लिहिणाऱ्याने आधी ती उलटी करून बूड पाहावे, रात्रभर पाणी भरून ठेवावी, काठावरून बोट फिरवावे, आणि मग विशेषणे वापरावीत.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील कोणतेही एक साठवणीचे भांडे घ्या. बूड, पोट, खांदा, काठ आणि झाकण या क्रमाने त्याचे ३०० शब्दांत वाचन करा.

२. 'सच्छिद्रता हा दोष आहे.' करसा आणि बरणी यांच्या उदाहरणांनी या विधानाची चर्चा करा.

३. यानागी यांच्या अनामतेच्या कल्पनेवर या टिपणात घेतलेला आक्षेप तुम्हाला पटतो का? कारणे द्या.

४. तुमच्या भाषेत आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या भाषेत लोणच्याच्या भांड्याला काय म्हणतात? किमान चार नावे गोळा करा.